एका राजाची पुष्कळ घरे

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की आमच्या गावच्या गढीवर बायकांची वर्दळ सुरू होते. गढी म्हणायचे ते जुन्या सवयीने. एका कोपऱ्यात अर्धा बुरूज उभा आहे, एक दगडी चौकट आहे, बाकी सगळा पांढऱ्या मातीचा ढिगारा. ज्यांची घरे अजून मातीची आहेत त्यांच्या लेकीसुना टोपले आणि खुरपे घेऊन येतात, माती खणून नेतात आणि भिंती सारवतात. पावसाळ्याच्या तोंडी हीच माती माळवदावर पडते. ज्या देशमुखांची ती गढी, त्यांचे वंशज शहरात असतात. त्यांनी कधी हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही. एक मोठे घर असे टोपल्याटोपल्याने गावभर वाटले गेले आहे. माझ्या लहानपणीच्या घराच्या भिंतींतही त्याचा वाटा होता.

मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण गेले नाही. परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी मुलांना मराठी आणि हिशेब शिकवतो, आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. वास्तुशास्त्राचा मला गंध नाही. तेव्हा राजवाड्यांवर टीका करणारा हा कोण टिक्कोजीराव, असे कोणी विचारले तर ते रास्तच होईल. पण गेल्या दिवाळीच्या सुटीत सहकुटुंब बडोद्याला जाऊन आलो, परतल्यावर तिथल्या वाड्यांविषयी मराठीत जे जे हाती लागले ते वाचले, आणि वाचून झाल्यावर मनात एक तक्रार राहिली. आपल्याकडे पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते, गाण्याच्या बैठकीचे होते. घराचे होत नाही. राजवाड्याचे तर नाहीच नाही. त्याचे नुसते वर्णन होते, आणि ते वर्णन विशेषणांचे असते. भव्य, दिव्य, आलिशान, डोळे दिपवणारे! इतकी विशेषणे आम्ही मुलांना निबंधातसुद्धा वापरू देत नाही.

बडोद्याचे गायकवाड हे मराठी घराणे. त्यांची घरे मोजायला बसले तर हाताची बोटे पुरत नाहीत. बडोद्यात लक्ष्मीविलास, तो १८९० साली पुरा झाला. शहराच्या जुन्या भागात नजरबाग होता. तो आता उरलेला नाही. गावाबाहेर मकरपुरा, खंडेरावांनी १८७० च्या सुमारास बांधलेला, शिकारीसाठी आणि उन्हाळ्यासाठी. तो पुढे हवाई दलाकडे गेला. लालबागेत प्रतापविलास, तिथे १९५२ साली रेल्वेच्या अधिकाऱ्यांना शिकवणे सुरू झाले. मुंबईत जयमहाल. दिल्लीत बडोदा हाऊस, लुट्यन्ससाहेबाने आखलेला. तिथे उत्तर रेल्वेची मुख्य कचेरी आहे. ह्याशिवाय महाराजांची युरोपातली दीर्घ वास्तव्ये वेगळीच.

ह्यातल्या लक्ष्मीविलासाविषयी एक वाक्य तुम्हीही वाचले असेल. तो लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या चौपट आहे म्हणे. वर्तमानपत्रांत हे वाक्य इतक्या वेळा आले आहे की आता ते म्हणीसारखे झाले आहे. पुष्कळदा खाली आकडेही दिलेले असतात: लक्ष्मीविलास ३,०४,९२,००० चौरस फूट, बकिंगहॅम ८,२८,८२१ चौरस फूट. आता मी पडलो हिशेबाचा मास्तर. आकडा दिसला की भागाकार करून पाहण्याची खोड जात नाही. पहिल्याला दुसऱ्याने भागले तर उत्तर चार येत नाही, छत्तीसच्या वर येते. म्हणजे वाक्य एक सांगते आणि त्याच्याच खालचे आकडे दुसरे सांगतात, आणि दोन्ही एकाच लेखात शेजारी शेजारी सुखाने नांदतात! मग हा तीन कोटींचा आकडा आला कुठून? एका एकराचे चौरस फूट ४३,५६०. त्याला ७०० ने गुणा. बरोबर ३,०४,९२,००० येतात, एक फूट कमी नाही की जास्त नाही. लक्ष्मीविलासाचे मूळ आवार सुमारे ७०० एकरांचे होते. म्हणजे हा आकडा बागेचा, मैदानाचा, झाडांचा आणि रस्त्यांचा आहे, आणि तो इंग्रजांच्या राजवाड्यातल्या खोल्यांच्या क्षेत्रफळाशी ताडून पाहिला गेला आहे. शेतासकट घर मोजायचे ठरवले तर आमच्या गावचा एखादा पाटीलही बकिंगहॅमची बरोबरी करील.

हे गणित मी चेष्टेसाठी मांडले नाही. लक्ष्मीविलास लहान आहे असेही मला म्हणायचे नाही. त्याच्यापुढे उभे राहिले की मान आपोआप मागे जाते. पण मोठेपणाच्या ह्या हव्यासापायी तो आपल्याला कोणी नीट दाखवतच नाही.

मी त्याच्याकडे एखाद्या कादंबरीकडे पाहावे तसे पाहिले. मला दुसरे कसे पाहायचे ते येत नाही. ही दोन लेखकांची कादंबरी आहे. पहिला लेखक मेजर चार्ल्स मँट, कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याचाच. त्याने लक्ष्मीविलास आखला, काम सुरू झाले आणि १८८१ साली तो वारला. आपला हिशेब चुकला, ही इमारत उभी राहणार नाही, अशा धास्तीने त्याचे डोके फिरले अशी आख्यायिका आहे. उरलेले काम रॉबर्ट चिझम ह्याने पुरे केले. इमारत अजून ठणठणीत उभी आहे. पण दोन हातांच्या लिखाणात होते तसे तिचे झाले आहे. इथे एक घुमट, तिथे एक कमान, पुढे गुजराती जाळी, वर मोगली छत्री, मध्येच युरोपातल्या देवळासारखा मनोरा. प्रत्येक वाक्य देखणे, पण परिच्छेद लागत नाही. दरबारगृहाची फरशी व्हेनिसच्या कारागिरांची आणि खिडक्यांची रंगीत काच बेल्जमची. ती खिडकी मात्र मी विसरणार नाही. दुपारचे ऊन तिच्यातून आत आले आणि माझ्या मुलीच्या पांढऱ्या झग्यावर निळे-तांबडे ठिपके पडले. माझ्या मते सगळ्या वाड्यातले चांगले वाक्य ते.

वाड्याचे तीन भाग एका रांगेत आहेत: दरबाराचा, महाराजांचा आणि जनान्याचा. जनान्याचा भाग मागे, जाळ्यांआड. गंमत अशी, की ज्या महाराणीसाठी ह्या जाळ्या उपयोगी पडायच्या ती दुसरी चिमणाबाई. तिने पुढे पडदा सोडला, १९११ साली हिंदी स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकावर स्वतःचे नाव घातले, आणि १९२७ साली पुण्याला अखिल भारतीय महिला परिषद पहिल्यांदा भरली तेव्हा ती अध्यक्षस्थानी होती. घर पुरे होऊन चाळीस वर्षे झाली नाहीत तोच घरात राहणारी बाई घराच्या पुढे निघून गेली. मार्गदर्शक मंडळी जाळीचे कोरीवकाम दाखवतात. जाळीचे काम कधी संपले, ते सांगत नाहीत.

आमच्या घरच्यांचे लक्ष मात्र दुसरीकडे होते. शस्त्रागार झाले, गादीची खोली झाली, चित्रे झाली, आणि बाहेर आल्यावर ती म्हणाली, "अहो, सगळे दाखवले, पण स्वयंपाकघर कुठे दाखवले? एवढ्या माणसांचा स्वयंपाक होत कुठे होता?"

मी हसलो, पण मला ते लागले. कारण हाच प्रश्न मला पूर्वी एका वाचकाने पत्राने विचारला होता. माझ्या पहिल्या कादंबरीत एक वाडा आहे. दिवाणखाना, हंड्या-झुंबरे, लोड-तक्के, कमानीतून दिसणारा चंद्र, सगळे यथासांग. मी तोवर कुठल्याही नांदत्या वाड्याच्या दिवाणखान्यात पाऊल ठेवलेले नव्हते. इतरांच्या कादंबऱ्यांतून वाडा उचलला आणि माझ्या कादंबरीत बसवला. त्या वाचकाने लिहिले होते: तुमच्या वाड्यात पाणी कोण भरते? त्या प्रश्नाला माझ्या दोनशे पानांत उत्तर नव्हते. माझी आजी अशाच एका वाड्यावर दळणकांडण करायला जात असे. मागल्या दाराने जाई, मागल्या दाराने येई. ती जे घर जन्मभर पाहत आली ते मी लिहायला हवे होते. मी लिहिले ते, जे तिला कधी पाहता आले नाही.

इंग्रजांचे ह्या बाबतीत काय झाले ते पाहण्यासारखे आहे. तिथे डेव्हनशरच्या ड्यूकचे घराणे घ्या. डर्बिशरमध्ये चॅट्सवर्थ आणि हार्डविक, यॉर्कशरमध्ये बोल्टन ॲबी, आयर्लंडात लिस्मोरचा किल्ला, आणि लंडनमध्ये डेव्हनशर हाऊस. आपल्या संस्थानिकांसारखाच थाट! मग काळ फिरला. लंडनचे घर १९२४ साली पाडले गेले. १९५० साली दहावा ड्यूक वारला आणि वारसाकर इतका बसला की त्यापायी १९५९ साली हार्डविक राष्ट्रीय न्यासाकडे गेले. पण त्या देशात घरे गेली तशी त्यांच्याविषयी लिहिण्याची रीतही बदलली. वेल्समध्ये एर्डिग नावाचे एक घर आहे, यॉर्क घराण्याचे. त्या घराण्याला एक विलक्षण नाद होता: नोकरांची चित्रे काढून घ्यायची आणि खाली त्यांच्यावर पद्ये करून लावायची. सुतार, शिकारखान्यावरचा गडी, मोलकरीण. पिढ्यान् पिढ्या हे चालले होते. १९७३ साली ते घर न्यासाकडे आले तेव्हा पाहुण्यांना पुढल्या दाराऐवजी कारखाने, तबेले आणि मुदपाकखाना ह्यांच्या बाजूने आत न्यायचे असे ठरले. माझ्या बायकोने तिथे दाद दिली असती.

आमच्या जिल्ह्यावर सप्टेंबर १९४८ पर्यंत राज्य करणाऱ्या निजामाचीही घरे थोडी नव्हती. चौमहल्ला होता, डोंगरावर फलकनुमा होता, दिल्लीला लुट्यन्सनेच बांधलेले हैदराबाद हाऊस होते. शेवटचे निजाम उस्मान अली खान स्वतः राहिले किंग कोठीत, आणि १९६७ साली वारले ते तिथेच. जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून ज्याची कीर्ती, त्याला राहायला आवडले ते त्यातल्या त्यात साधे घर. सारा भरणाऱ्या आमच्या आजोबा-पणजोबांना ह्यांतले एकही घर दुरूनसुद्धा दिसले नव्हते.

पुन्हा बडोद्याकडे वळतो, कारण खरी गोष्ट पुढेच आहे. ज्या सयाजीरावांसाठी लक्ष्मीविलास उभा राहिला त्यांचे पहिले घर मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावी होते. तिथे १८६३ साली काशीराव गायकवाडांच्या शेतकरी घरात गोपाळ जन्मला. १८७५ साली मल्हाररावांना इंग्रजांनी पदच्युत केले, खंडेरावांच्या विधवा पत्नी जमनाबाईंनी ह्या बारा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले, आणि गोपाळचा सयाजीराव झाला. त्याला तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हते. सगळ्या चरित्रांत हे येते, आणि सगळ्या चरित्रांत कवळाण्याचे घर एखाद्या वाक्यात उरकते. मी शिक्षक असल्यामुळे मला हा मुलगा वाड्याहून मोठा वाटतो. बारा वर्षांचा, अक्षरशत्रू, उन्हात रापलेला पोर माझ्या वर्गात आला तर त्याला कुठे बसवायचे ह्याचा मी विचार करीन. त्याने मात्र पुढे १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सगळ्या राज्याला लागू केले. १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणवला आणि पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेडोपाडी फिरवल्या.

ह्या पेट्या मला लक्ष्मीविलासाहून मोठी वास्तू वाटतात, हे माझे मत आहे. चित्रांचेही तसेच. राजा रविवर्म्याची चौदा पौराणिक चित्रे लक्ष्मीविलासासाठी म्हणून काढवली गेली. ती दरबारी भिंतीवर राहिली असती तर माझ्या आईला लक्ष्मी कशी दिसते ते कळले नसते. पण त्याच चित्रकाराने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती आमच्या मातीच्या भिंतीवर खिळ्याला येऊन टांगल्या गेल्या. गढीची माती खाली, रविवर्म्याची लक्ष्मी वर. दिवाळीत तिलाच हळदकुंकू वाहायचे.

इथेच हा लेख संपवता आला असता. राजाने घरे बांधली, राजाने शाळाही काढल्या, दोन्हींचा गौरव करावा आणि फराळाला बसावे. पण १९१७ साल मधे येते.

त्या वर्षी एक तरुण बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला आला. सयाजीरावांचीच शिष्यवृत्ती घेऊन तो १९१३ साली न्यूयॉर्कला गेला होता, कोलंबिया विद्यापीठात शिकला होता, लंडनमधला अभ्यास अर्धा टाकून करारानुसार परत आला होता. भीमराव आंबेडकर. ह्या शहरात त्याला राहायला खोली मिळेना. हिंदूंच्या खाणावळीत जागा नव्हती. शेवटी पारशाचे खोटे नाव सांगून तो एका पारशी पथिकाश्रमात राहिला. माडीवर अडगळीने भरलेला मोठा अंधारा दिवाणखाना, एक मिणमिणता दिवा, रात्री फडफडणारी वटवाघळे. त्यात एकटा माणूस वाचत बसलेला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि संध्याकाळपर्यंत चालते व्हा म्हणाले. ओळखीच्या दोघांकडे विचारून पाहिले, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही अडचणी सांगितल्या. मग गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. ती बाग सयाजीरावांनीच १८७९ साली प्रजेसाठी केली होती.

हुकूम राजवाड्यातून निघत होते. खोल्या गावात होत्या. इतक्या घरांच्या धन्याच्या राजधानीत त्याच्याच शिष्याला बसायला जागा मिळाली ती बागेत. बडोद्याच्या वाड्यांवरच्या लेखांत हा प्रसंग मला आढळला नाही. तो आंबेडकरांच्या चरित्रात असतो. वाड्यांचे लेख निराळे, चरित्रे निराळी. जणू काही ही दोन निरनिराळ्या शहरांत घडलेली हकीकत आहे! माझी मूळ तक्रार ती हीच. घराचे परीक्षण करायचे तर त्याच्या दाराशी कोण थांबले, हे त्यात आलेच पाहिजे. मग ते घर लुट्यन्सने बांधलेले असो की गावच्या गवंड्याने. पुढे ह्याच माणसाने दादरच्या हिंदू कॉलनीत घर बांधले. ते बांधताना पहिला विचार केला पुस्तकांचा, आणि नाव ठेवले राजगृह.

हे मी मोठ्या तोऱ्यात लिहितो आहे, पण माझी स्वतःची वहीही कोरी नाही. मी नोकरीला लागलो त्या खेड्यात आम्ही दोघे एकाच दिवशी हजर झालो होतो. मला तिसऱ्या दिवशी खोली मिळाली; घरमालकाने आडनाव विचारले, मान डोलावली आणि किल्ली दिली. माझ्या सोबत्यानेही त्याच आळीत विचारले. त्यालाही आडनाव विचारले. मग कुणाकडे पाहुणे येणार होते, कुणाच्या खोलीत कापूस भरायचा होता, कुणाचा भाऊ पुण्याहून परतणार होता. माझ्या खोलीत दोन खाटा सहज मावल्या असत्या. मी घरमालकाला विचारले नाही. विचारले तर माझी खोली जाईल अशी भीती वाटली, एवढेच कारण. तो दीड वर्ष तालुक्याहून सकाळच्या एस.टी.ने येत राहिला. गाडी चुकली की त्याचा पहिला तास मी घ्यायचो आणि त्यात आपण मोठे उपकार करतो आहोत असे मला वाटायचे. त्याने मला ह्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही, आणि मी कधी कादंबरीत हे लिहिले नाही. कादंबरीत मी हंड्या-झुंबरे लिहीत होतो.

बडोद्याच्या त्या वाड्याच्या आवारात एक संग्रहालय आहे. ती इमारत मुळात महाराजांच्या मुलांची शाळा म्हणून बांधली होती, आणि वाड्यापासून शाळेपर्यंत मुलांना न्यायला छोटी आगगाडी होती. माझ्या मुलीला सगळ्या सहलीत तेवढीच गोष्ट आवडली. शाळेला आगगाडीने जायचे! परतीच्या वाटेवर ती गाडीच्या खिडकीशी बसून त्याच आगगाडीविषयी विचारीत होती, आणि मी सकाळच्या एस.टी.चा विचार करीत होतो.

माझ्या त्या सोबत्याने आता तालुक्याला घर बांधले आहे. स्लॅबचे, तीन खोल्यांचे, पुढे ओसरी. एक खोली तो भाड्याने देतो, आणि नव्याने नोकरीला लागलेल्या शिक्षकांनाच देतो. गेल्या दिवाळीत बडोद्याहून आल्यावर मी त्याच्याकडे फराळाला गेलो होतो. ओसरीवर बसून चिवडा खाता खाता मी धीर करून विचारले, "गुरुजी, खोली बघायला कोणी आला तर त्याला काय काय विचारता?"

त्याने बशीत आणखी एक करंजी ठेवली आणि म्हणाला, "पाच तारखेच्या आत भाडे द्याल का, एवढेच."